उपग्रहाला शेताचा बांध कसा ओळखता येतो? सोलापूरच्या शिवारावरून समजून घ्या ‘हीटमॅप’

रब्बीच्या हंगामात मंगळवेढ्याच्या काळ्या शिवाराचं उपग्रह चित्र पाहिलं, तर सगळीकडे ज्वारीच दिसते. एकाचं शेत कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं, हे बांधावर उभ्या माणसाला लगेच कळतं. कम्प्युटरला मात्र ते शिकवावं लागतं. त्यासाठी जी ‘उत्तरपत्रिका’ तयार करतात, तिचाच एक प्रकार म्हणजे हीटमॅप.

शेतं वेगळी ओळखण्याची गरज काय?

पिकाखालच्या क्षेत्राचा अंदाज, दुष्काळाची पाहणी, पीकविम्यासाठी उत्पादनाचा अंदाज अशा कामांत उपग्रह चित्रांचा वापर वाढतो आहे. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करतात. ही नोंद वरून ताडून पाहायची, तर आधी शेताचा तुकडा नेमका कळायला हवा.

समजा, सांगोल्यात एका बांधाच्या अलीकडे डाळिंबाची हिरवीगार बाग आहे आणि पलीकडे पावसाअभावी करपलेली बाजरी. मॉडेलने दोन्ही शेतं एकच धरली, तर हिरवेपणाची सरासरी मधली येईल. ती बागेला लागू नाही आणि बाजरीलाही नाही. ज्याचं पीक गेलं, त्याचं नुकसान आकड्यातच लपून जाईल.

एक पिक्सेल म्हणजे किती गुंठे?

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात. त्यांचा सर्वात बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल जवळपास एक गुंठा. अर्ध्या एकराचं शेत या चित्रात साधारण २० ठिपक्यांचं दिसतं, आणि एक-दीड मीटरचा बांध वेगळा दिसतच नाही. म्हणून लहान शेतांसाठी अनेकदा जास्त बारकाईची, विकत घ्यावी लागणारी चित्रं वापरतात.

ग्राउंड ट्रुथ म्हणजे काय?

माणसाने तपासून दिलेलं खात्रीचं उत्तर म्हणजे ग्राउंड ट्रुथ. उपग्रह चित्र समोर ठेवून क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शेताभोवती रेघ ओढतात. हा झाला बंदिस्त आकार, म्हणजे पॉलिगॉन. मॉडेलला मात्र आकडे लागतात, म्हणून या आकाराचं पिक्सेलमध्ये रूपांतर करतात.

सर्वात सोपी पद्धत म्हणजे बांधाला १ आणि बाकी सगळ्याला ०. पण यात दोन अडचणी येतात. एक, बांधाचे पिक्सेल इतके कमी असतात की मॉडेलने सगळीकडे ० लिहिलं तरी त्याचे बहुतेक मार्क शाबूत राहतात. दुसरी, रेघ ओढताना माणसाचा हात एखाद्या पिक्सेलने सरकतोच. मग बांधाच्या अगदी जवळचं उत्तरही पूर्ण चूक धरलं जातं.

हीटमॅपने काय बदलतं?

हीटमॅपमध्ये ० आणि १ च्या मधल्या किमतीही असतात. त्याचे दोन प्रकार जास्त वापरात आहेत.

पहिला बांधाचा. बांधावर १, आणि दूर जाऊ तशी किंमत हळूहळू उतरते. पसरण २ पिक्सेलची ठेवली, तर बांधापासून एका पिक्सेलवर सुमारे ०.८८, दोनवर ०.६१ आणि चारवर ०.१४ उरते. थोडं चुकलं तर थोडेच मार्क जातात.

दुसरा अंतराचा. प्रत्येक पिक्सेल जवळच्या बांधापासून किती आत आहे, ते मोजतात. ६ बाय ६ पिक्सेलचं शेत घेतलं, तर कडेची ओळ १, तिच्या आतली २ आणि मधले चार पिक्सेल ३. सगळ्यांना ३ ने भागलं की ०.३३, ०.६७ आणि १ मिळतात. प्रत्येक शेत जणू मध्ये उंच असलेली टेकडी बनतं. दोन टेकड्यांमधली घळ म्हणजे बांध, हे मॉडेलने शिकायचं असतं.

चुका कुठे होतात?

• सगळी शेतं एकत्र रंगवून मग अंतर मोजलं, तर शेजारची शेतं चिकटून एकच मोठी टेकडी होते. त्यामुळे प्रत्येक शेताचं अंतर स्वतंत्र मोजावं लागतं.

• चित्राचे चौकोनी तुकडे आधी पाडले, तर कापलेली कडच बांध समजली जाते. म्हणून आधी हीटमॅप, मग तुकडे.

• रेघ न ओढलेल्या शेताला ० दिलं, तर ‘इथे शेत नाही’ असं शिकवलं जातं. तिथे ‘माहीत नाही’ अशी वेगळी खूण हवी.

• डाळिंबाच्या बागेतल्या ओळी बारीक चित्रात रेघांसारख्या दिसतात. अशा बागांचे पुरेसे नमुने दिले नाहीत, तर मॉडेल एका बागेचे अनेक तुकडे पाडू शकतं.

गटाचा नकाशाच का वापरत नाहीत?

गटाचा नकाशा हक्काची हद्द सांगतो, तर उपग्रहाला जमिनीवर जे आहे तेच दिसतं. एका गटात भावाभावांची वहिवाट वेगळी असते, मध्ये नवे बांध पडलेले असतात. कधी दोन गट एकत्र कसले जातात. न दिसणारी रेघ उत्तर म्हणून दिली, तर मॉडेल गोंधळतं.

शेरी वँग, फ्रान्स्वा वाल्डनर आणि डेव्हिड लोबेल यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रान्समधल्या शेतांवर शिकलेलं मॉडेल भारतासाठी तयार केलं. त्यासाठी देशभरातल्या १०,००० शेतांच्या सीमा आखल्या. प्रत्येक चित्रातली मोजकीच शेतं आखली, पण चित्रं ठिकठिकाणची घेतली. सगळं शिवार आखत बसण्याची गरज नाही, हे त्यातून दिसलं.

मग मोजणीची गरज संपणार का?

नाही. मॉडेलने दाखवलेला बांध म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख विभागाची मोजणीच लागते. पण शिवारात कुठलं पीक जगलं आणि कुठलं जळालं, हे शेतागणिक सांगायचं असेल, तर त्याची सुरुवात नीट ओढलेल्या रेघेपासूनच होते.