लहान प्रतिकृति आणि मोठें धरण

बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्यांत नवा भाग घडवावयाचा झाला म्हणजे प्रथम त्याचा नमुना करून पाहतात. तो फसला तर मोडीत काढून पुन्हां ओतावयाचा, एवढेंच नुकसान. परंतु धरणाचा, पुलाचा अथवा बंदराचा पुऱ्या आकाराचा नमुना करून पाहणें कोणास परवडणार? नदींत एकदां दगड बसला म्हणजे चूक पुराच्या दिवशींच कळावयाची, आणि ती भोगावयाची खालच्या अंगाच्या गांवांनीं.

या अडचणींतून वाट काढणारी जी संस्था पुण्याजवळ खडकवासल्यास आहे, तिचें मूळ कालव्याखालील शेतांच्या दुखण्यांत आहे. बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्यांस तें दुखणें चांगलें परिचयाचें आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास या कोरड्या मुलखांत खेळूं लागलें. त्यानें ऊंस आणला. पण पाणी वाजवीपेक्षां अधिक मुरल्यानें कित्येक काळ्या जमिनी पाणथळ व खाऱ्या झाल्या. हॅरोल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील या खाऱ्या जमिनींवर १९१० सालीं एक स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. दख्खनच्या कालव्यांवरील असल्या प्रश्नांचा छडा लावण्यासाठीं मुंबई सरकारनें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांची एक खास शाखा काढली. तीच पुढें वाढत जाऊन १९३६ सालीं मध्यवर्ती सरकारकडे गेली. क्लॉड इंग्लिस हे तिचे आरंभींचे प्रमुख. शेतांतील खार पाहावयास निघालेलें खातें नद्यांच्या प्रतिकृति करूं लागलें, यांत नवल नाहीं. पाण्याचें माप, मग कालव्यांतील गाळ, मग तो गाळ आणणारी नदी, असा हा ओघच आहे.

आतां धरण नुसतें लहान केलें म्हणजे भागतें काय? भागत नाहीं. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियरानें १८७० नंतरच्या दशकांत टॉर्की येथें लहान जहाजें पाण्याच्या हौदांतून ओढून जो नियम बसविला, तोच येथें कामास येतो. जेथें पाणी मुख्यतः स्वतःच्या वजनानें धांवतें, तेथें लांबी ज्या प्रमाणांत कमी करावी त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वेग कमी होतो. धरणाचा सांडवा छत्तीसपट लहान केला, तर त्यावरून पाणी सहापट मंद वेगानें धांवेल. प्रवाहाचें क्षेत्र ३६ गुणिले ३६, म्हणजे १,२९६ पट घटलें. त्यांत वेग सहापट घटला. म्हणून एकंदर विसर्ग ७,७७६ पट कमी. खऱ्या नदीला सेकंदास ७,७७६ घनफूट पाण्याचा लोंढा येणार असेल, तर प्रतिकृतीवर सेकंदास एक घनफूट सोडलें कीं पुरें. वेळहि सहापट आंखडतो, म्हणून सहा तासांचा पूर एका तासांत पाहून होतो.

सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा जोर पायथ्याशींच जिरावा लागतो. नाहीं तर तें पुढचा खडक उकरून धरणाच्या मुळाशीं पोंचतें. हा जोर जिरविण्यासाठीं पाण्यास एकदम उसळी घ्यावयास लावतात. ती उसळी बांधलेल्या फरशीवरच राहते कीं पुढें सरकते, हें प्रतिकृतींत डोळ्यांनीं दिसतें. सरकत असेल तर एखादा अडथळा थोडा मागें घ्यावा, उंबरठा बोटभर चढवावा, आणि पुन्हां पाणी सोडावें. हें काम थोड्या वेळांत होतें. प्रत्यक्ष धरणावर तेंच करावयाचें म्हणजे एक उन्हाळा आणि मोठी तिजोरी खर्चीं पडणार.

नदीची प्रतिकृति मात्र फार अवघड. एक किलोमीटर रुंदीचें पात्र पांचशेंपट लहान केलें कीं दोन मीटर उरतें. पण त्याच मापानें पांच मीटर खोलीचें एक सेंटिमीटर होतें. इतक्या पातळ थरांत पाणी नदीसारखें न वाहतां तेलासारखें सरकतें. म्हणून खोली तितकी घटवीत नाहींत. सत्तरपटच घटविली तर ती सात सेंटिमीटर राहते. वाळूची गोष्ट याहूनहि वांकडी. वाळूचा कण पांचशेंपट बारीक केला कीं ती वाळू राहत नाहीं, चिखल होतो, आणि चिखल एकमेकांस चिकटतो. मग कोळशाचा चुरा अथवा लांकडाचा भुसा असा हलका पदार्थ घेऊन पाहावें लागतें. यांत तडजोड आहे, हें उघडच आहे. खोली व रुंदी यांचें प्रमाण बिघडविल्यावर कांठांचा उतार खोटा होतो, वळणावरचा प्रवाह थोडा लटका होतो. म्हणून जाणता संशोधक प्रथम नदीचा मागील वर्षांचा ज्ञात पूर प्रतिकृतींत सोडून पाहतो. नदीनें जेथें कांठ खाल्ला तेथेंच प्रतिकृतीनें खाल्ला, तरच तिला पुढच्या वर्षांविषयीं विचारावयाचें. आज गणकयंत्रांवरहि प्रवाहाचें गणित मांडतात. पण तेंहि अशाच ज्ञात मापांशीं ताडून पाहावें लागतें.

प्रतिकृतीस जें विचारावें तेवढेंच ती सांगते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. पाणी सोडण्याच्या नळाचें काम अपुरें असतांच त्यांतून पाणी वाहत होतें, आणि वरचा मातीचा भराव खचत गेला. अपुऱ्या राहिलेल्या कामाची परीक्षा सांडव्याच्या कोणत्याहि प्रतिकृतींत होत नाहीं. तो लोंढा खालीं आला, खडकवासल्याचें जुनें दगडी धरणहि त्याच दिवशीं फुटलें, आणि पुण्यांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. संशोधन केंद्र त्याच खडकवासल्याच्या पायथ्याशीं आहे. धरण पुढें पुन्हां उभें राहिलें.