रानाची मोजणी आणि झाडाचे मोल

जमिनीची मोजणी आमच्या शेतकरी बंधूंस नवी नाही. परंतु बांधावरील व डोंगरउतारावरील आपल्या झाडांची नोंद स्वतः ठेवणारा बागाईतदार विरळाच. ही उणीव किती महाग पडू शकते, हे उत्तनच्या बाजूस पाहिल्यास ध्यानात येईल.

भाईंदरच्या पश्चिमेस, एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी अशा भूभागात उत्तन वसले आहे. त्याला लागूनच डोंगरी गाव आहे. तेथे मेट्रो रेल्वेच्या आगारासाठी बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ साली पुढे आला व त्यावर पुष्कळ हरकती घेण्यात आल्या. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आमचा प्रश्न एवढाच की, ही झाली संख्या, मोल किती? मनगटाएवढे रोप तेही एक, आणि कवेत न मावणारा आंबा तोही एकच, अशी गणना झाली तर तिला हिशेब म्हणावे काय?

हल्ली रानाची मोजणी आकाशातूनही होते. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहचित्रांवरून देशातील वनाच्छादनाचा नकाशा तयार करते. त्या चित्रातील एक ठिपका २३.५ मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा असतो. एक हेक्टर किंवा अधिक जागेपैकी शेकडा १० किंवा अधिक भाग झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला असला, की ते वनाच्छादन गणले जाते. जमिनीचा मालक कोण व झाडे कोणत्या जातीची, हे पाहिले जात नाही. त्यामुळे हेक्टरभर दाट नारळाची वाडी या नकाशात रान ठरते, आणि बांधावरील ताडांची एकेरी रांग त्यात दिसतही नाही. नकाशात असा रंग आला म्हणून खासगी वाडी कायद्याने वन होत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

एकेका झाडाची मोजणी मात्र जमिनीवर उभे राहूनच करावी लागते. जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर फितीने बुंध्याचा घेर घ्यावा. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरावी. उंचीसाठी मोबाईल उपयोगी पडतो. सपाट जमिनीवर झाडापासून २० मीटर दूर उभे राहून शेंड्याकडे रोखलेल्या मोबाईलने ३० अंशांचा कोन दाखविला, तर झाडाची उंची डोळ्याच्या पातळीपासून साडेअकरा मीटर भरते. त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळविली की १३ मीटर होतात.

लाकूड विकताना आणखी एक गोष्ट जाणून असावी. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व लांबीने गुणावयाचे, ही जुनी रीत आहे. १२० सेंटिमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा ओंडका या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो. गोल ओंडक्याचे खरे घनफळ ०.३४ घनमीटर असते. शेकडा एकवीस-बावीस हिस्सा असा हिशेबाबाहेर राहतो. साल व कापणीतील घट यांसाठी ही सूट धरलेली आहे, ती लबाडी नव्हे. परंतु भाव ठरविताना विकणाऱ्यास ती ठाऊक पाहिजे.

मोबाईलवरील क्षेत्रमापनावर मात्र विसंबू नये. त्याच्या स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक सहज होते, दाट झाडीखाली त्याहून अधिक. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा सुमारे ३२ मीटर बाजूचा असतो. प्रत्येक बाजू चार मीटर जास्त धरली गेली, तर क्षेत्र पावणेतेरा गुंठ्यांवर जाते. झाडाची जागा दाखविण्यास मोबाईल पुरे. हद्दीसाठी भूमि अभिलेख खात्याची मोजणीच खरी.

आता मोलाकडे वळू. वनजमीन अन्य कामास दिल्यास भरावयाची किंमत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरविली होती. रानाची जात व दाटी यांप्रमाणे दर बदलत असे. २०२१ साली त्याच न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने, झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षास ७४,५०० रुपये धरावे, असे सुचविले. त्या मानाने ५० वर्षांच्या झाडाचे मोल ३७ लाखांवर जाते. ही सूचना म्हणजे कायदा नव्हे. परंतु केवळ सरपणाच्या भावाने झाड मोजणाऱ्यास ती विचार करावयास लावील. आपल्या राज्यातील नागरी क्षेत्रांच्या वृक्षसंरक्षण कायद्यात त्याच वर्षी दुरुस्ती होऊन ५० वर्षांचे किंवा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. उत्तन महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने हा कायदा तेथील वाड्यांनाही लागू आहे.

म्हणजे सारे वयावर येऊन ठेपले. उपग्रह जागा दाखवितो, मोबाईल उंची सांगतो, फीत घेर सांगते. पण हा आंबा आजोबांनी कोणत्या साली लावला, हे यातील कोणतेही साधन सांगत नाही. ते घरातील वडीलधाऱ्या माणसांस ठाऊक असते, आणि ती माणसे गेली की तेही जाते.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक बागाईतदाराने एक वही घालावी. प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा. जात, लागवडीचे साल, घेर, उंची, वर्षाचे उत्पन्न व मोबाईलवरील जागा लिहावी. सोबत तारखेसह छायाचित्र ठेवावे आणि दर दोन वर्षांनी घेर पुन्हा मोजावा. झाडांची किंमत ठरविण्यास कोणी दारी आला, तर आपले म्हणणे मांडण्यास ही वही आधार होईल. या कामास खर्च एका फितीचा व एका वहीचा. मात्र वडीलधारी माणसे सांगावयास आहेत, तोवरच ते उरकून घ्यावे.