आठ-सहाच्या मापातला दावीद

थॉमस स्टर्नहोल्डला कवी म्हणून कोणी ओळखत नव्हते. आठव्या हेन्रीच्या पदरी राजाच्या पोशाखांची व्यवस्था पाहणारा हा माणूस. १५४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने बायबलमधील दाविदाची १९ स्तोत्रे इंग्रजी पद्यात बसवून एक चोपडी काढली आणि १५४९ साली तो वारला. त्याच वर्षाअखेर निघालेल्या आवृत्तीत त्याची ३७ स्तोत्रे होती, शिवाय जॉन हॉपकिन्सने केलेली सात. पुढे दीड-दोनशे वर्षे इंग्लंडच्या गावोगावी जे गायले गेले, त्याची सुरुवात ही एवढीच.

स्टर्नहोल्डने निवडलेले माप अगदी साधे होते. एका ओळीत आठ अक्षरे, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. यमक फक्त दुसऱ्या-चौथ्या ओळीला. मोठ्या अभंगाचा सहा-सहा-सहा-चारचा हिशेब ज्याच्या जिभेवर आहे, त्याला यातली सोय वेगळी सांगायला नको. मापाची एक चाल बसली की त्या मापातले कोणतेही स्तोत्र तिच्यावर म्हणता येते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. यासाठी मूळ हिब्रूच्या शब्दक्रमाची ओढाताण झाली, यमकासाठी नको ते शब्द घुसले. सतराव्या शतकात थॉमस फुलरने या मंडळींच्या भक्तीला मान देऊन कवित्वाला चिमटा काढला, तो काही अगदीच अनाठायी नव्हता. पण ही रचना मुळात वाचनासाठी नव्हतीच.

कॅथलिक मेरी राणीच्या काळात जिवाच्या भीतीने परागंदा झालेले प्रोटेस्टंट जिनिव्हात पोहोचले. तिथे धर्मसुधारक कॅल्व्हिनचा दंडक होता की उपासनेत गायचे ते शास्त्रातलेच, आणि तेही सगळ्यांनी मिळून, एका सुरात, वाद्यांशिवाय. विल्यम कीथने शंभरावे स्तोत्र या परागंदांसाठीच रचले. त्याची चाल लुई बुर्ज्वाची मानतात. १५५१ साली ती फ्रेंचमध्ये १३४ व्या स्तोत्रासाठी छापली गेली होती. इंग्रजांनी ती उचलून शंभराव्याला लावली, आणि आज ती त्याच आकड्याने ओळखली जाते. मेरीनंतर ही माणसे परतली. मार्च १५६० मध्ये बिशप जॉन ज्यूएलने आपल्या एका गुरूला लिहिलेल्या पत्रात लंडनच्या पॉल्स क्रॉसपाशी प्रवचनानंतर जमलेल्या सहा हजार जणांचे वर्णन आहे. म्हातारे, मुले, बाया, पुरुष, सगळे एकत्र गात होते. १५६२ साली जॉन डेने दीडशेही स्तोत्रांचे पुस्तक छापले. मुखपृष्ठावरच बजावले होते की घरीही हीच गावीत, चावट गाणी बाजूला ठेवावीत.

पुस्तक सगळ्यांकडे नसे, असले तरी वाचता येत नसे. म्हणून एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशी पद्धत पडली. यातून गाणे संथ होत गेले, आणि प्रत्येक जण सूर आपल्या मर्जीने वळवू लागला. बॉस्टनजवळचा थॉमस वॉल्टर १७२१ साली वैतागून लिहितो की पाचशे निरनिराळ्या चाली एकाच वेळी ओरडल्या जात आहेत असे वाटते, आणि एकाच सुरात आपल्याला दोनदा श्वास घ्यायला थांबावे लागले! वॉल्टरला स्वरलिपी शिकवायची होती, तेव्हा त्याचा राग समजू शकतो. पण हाच प्रकार स्कॉटलंडच्या लुइस बेटावर गेलिक भाषेत आजही चालतो. एकाने ओळ टाकली की सगळी मंडळी आपापल्या वळणांनी ती उचलते. तो ऐकल्यावर वॉल्टरचे म्हणणे मला तरी पटत नाही.

शास्त्रातलेच शब्द गायचे ही चौकट इंग्लंडात मोडली आयझॅक वॉट्सने. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ताच्या आधीच्या दाविदाचेच शब्द किती दिवस म्हणायचे, असा त्याचा सवाल होता. १७१९ च्या पुस्तकात त्याने दाविदाला ख्रिस्ती केले, आणि जाता जाता ब्रिटिशही. काही स्तोत्रांत इस्राएलच्या जागी ब्रिटन आला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेच अवघड होऊन बसले. १७८५ साली जोएल बार्लोने वॉट्सची दुरुस्त आवृत्ती काढून ब्रिटनला बाहेर काढले. नाताळात जगभर गाजणारे ‘जॉय टू द वर्ल्ड’ मुळात वॉट्सने केलेले ९८ वे स्तोत्र आहे, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

आपल्याकडे ना. वा. टिळकांनी माप बदलून टाकले. ख्रिस्ती उपासनेसाठी त्यांनी अभंग आणि भजने लिहिली. विलायती चालींत मराठी शब्द कोंबण्याचा खटाटोप त्यापुढे फिका पडला.

स्कॉटलंडने मात्र १६५० चे आपले स्तोत्रांचे पुस्तक सोडले नाही. त्यातले तेविसावे स्तोत्र आज ‘क्रिमंड’ या चालीवर म्हणतात, आणि ती चाल शतकानुशतकांची असावी असे अनेकांना वाटते. ती छापली गेली १८७२ साली. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात वेस्टमिन्स्टर ॲबीत ती गायली गेली, आणि मग घरोघर पोहोचली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चमध्ये त्यानंतरही उपासनेत केवळ स्तोत्रेच चालत, तीही वाद्यांशिवाय. इतर गीते आणि वाद्ये यांना तिथे परवानगी मिळाली ती २०१० साली, बऱ्याच वादावादीनंतर.