जुनी मोटार काय सांगते?



आज मोटारीविषयी थोडे बोलायचे आहे. आणि तेही नव्या कोऱ्या नव्हे, जुन्या मोटारीविषयी. मी कॉलेजात शिकवणारा माणूस. मोटारीचे शिक्षण काही घेतलेले नाही. पण पगारदाराच्या दारात पंधरा-वीस वर्षांची गाडी उभी असली, म्हणजे तीच त्याला शिकवू लागते, आणि फीही जबर घेते. ती फी तुम्हाला भरावी लागू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

झाले असे, की माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूने खटखट असा आवाज येऊ लागला. शेजारी म्हणाले, "शॉकअप गेले." मी दोन्ही शॉकअप बदलून घेतले. खिसा हलका झाला. खटखट होती तिथेच राहिली. अखेर एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "सर, आवाज कधी येतो?" मला सांगता येईना. प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असे मुलांना बजावणारा मी. आणि स्वतः प्रश्न न वाचताच पैसे मोजून बसलो होतो!

मिस्त्री शेजारी बसले, गाडी गल्लीतून हळू फिरवायला लावली, आणि पाच मिनिटांत म्हणाले, "लिंक रॉडचे बुश." बुश म्हणजे दोन लोखंडी भागांमध्ये बसवलेला रबराचा तुकडा. तो झिजला की लोखंडावर लोखंड आपटते. शॉकअपच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात काम झाले.

तेव्हा पहिला धडा हा, की आवाज ओळखायचा तो 'कसा' यावरून जितका, त्याहून अधिक 'कधी' यावरून. आणि त्याआधी डिकी रिकामी करा. सैल जॅक, टॉमी, हललेली स्टेफनी, गावाहून आणलेले नारळ, यांचाही आवाज हुबेहूब तसाच येतो.

आता हे पाहा. बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना खटखट होते? बहुधा लिंक रॉड किंवा बुश. मोठ्या खड्ड्यात धप्पकन आवाज येतो, आणि मग गाडी होडीसारखी डुलते? मग शॉकअपवर संशय घ्यावा. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलली तर शॉकअप थकले. कोरड्या हवेत कुरकुर करते आणि पावसात गप्प बसते? रबर कोरडे पडले आहे. त्यावर तेल मात्र ओतू नका. तेलाने रबर फुगते आणि लवकर खराब होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना टकटक येते? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते ॲक्सलच्या सांध्याचे दुखणे. त्याचे रबरी टोपण फाटून ग्रीस उडालेले दिसेल. वेगाबरोबर घूं घूं वाढते? ते चाकाचे बेअरिंग.

गाडीची ठेवणही लक्षात घ्यावी. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले. पद्मिनीला पुढे स्प्रिंगा, मागे पाटे. अँबॅसडरलाही मागे पाटेच. पाट्यांची गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर एखादे पान तुटले आहे का, हे आधी पाहावे. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे खालचे लोखंड गंजते हेही विसरू नये.

एक आवाज मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून टाळण्याचा नाही. तो बॉल जॉइंटचा. चाक जॅकवर उचला, चेसिसखाली भक्कम आधार द्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका), आणि टायर वर-खाली धरून हलवा. चाक लटलट हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग सैल आहे. डावी-उजवीकडे हलले तर स्टिअरिंगचा सांधा. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते. घाटात तसे झाले तर काय होईल, हे मी सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट हीटरची. तुम्ही म्हणाल, रत्नागिरीत घामाच्या धारा लागतात, इथे हीटर कशाला? मीही हेच म्हणत होतो. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून धुके धरे, ते हीटरच्या गरम हवेने जाईनासे झाले. मी फडक्याने काच पुसत राहिलो. पुढे आईला घेऊन कोल्हापूरला निघालो. साखरप्यापर्यंत सारे ठीक. आंबा घाट चढू लागलो, आणि तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली. मी घाईने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तोच मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "अहो दादा, हात भाजेल!" त्या भल्या माणसाने हात वाचवला. आत दाबाखाली तापलेले पाणी असते. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते. इंजिन पुरते निवल्याशिवाय ते उघडू नये.

हीटर म्हणजे दुसरे काही नाही, एक छोटा रेडिएटर. इंजिनातले गरम पाणी त्यातून फिरते आणि पंखा त्यावरून हवा फेकतो. पाणी कमी झाले की पुष्कळदा पहिला उपास हीटरला घडतो. म्हणजे माझा थंड हीटर कित्येक दिवस ओरडून सांगत होता, "पाणी गळते आहे!"

तपासायचे असे. इंजिन तापवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. मग इंजिन बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना हलकेच बोट लावा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरते आहे. दोष हवेच्या झडपेचा, तारेचा किंवा पंख्याचा. एक गरम, एक थंड, तर हीटर गाळाने तुंबला, त्याची पाण्याची चावी बंद राहिली, किंवा आत हवा अडकली. दोन्ही कोमट, तर पाणी कमी आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिल्याने इंजिन तापत नाही. पायाखाली ओल आणि गोडसर वास आला, तर हीटरच गळतो आहे.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. कुलंट गंज रोखते आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवते. नुसत्या विहिरीच्या पाण्याने गंज आणि क्षार साचून नळ्या तुंबतात. मात्र कुलंट विषारी असते, आणि चवीला गोड. सांडले तर धुऊन काढा. मुले, कुत्री, गुरे यांपासून जपा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गाडीत एक वही ठेवा. आवाज केव्हापासून, कोणत्या वेगाला, कोणत्या चाकाकडून. पाणी किती दिवसांत किती उतरले, एवढे लिहा. ती वही मिस्त्रींपुढे ठेवा. चांगला मिस्त्री ती आनंदाने वाचेल; आणि न वाचताच सामानाची यादी देऊ लागला, तर तुम्ही दुसरा मिस्त्री शोधा.