बॉस, हे ‘स्पिरिट’ नक्की कुणाचं?

‘स्पिरिट’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला लहानपणी आठवायचा फॅमिली डॉक्टरांकडचा कंपाउंडर. कापसाचा बोळा, गारेगार दंड आणि लगेच सुई! पण मुंबईच्या पेपरांत याच शब्दाने काही वर्षं नुसता धुमाकूळ घातला होता. आणि कबूल करूनच टाकते, त्यात माझाही थोडा हात आहे.

झालं असं, की गेल्या महिन्यात माळा आवरताना बाबांची फाइल सापडली. २००५ ते २००८ची कात्रणं. मास कॉमची खोड, दुसरं काय! पेन्सिल घेऊन बसले आणि ‘स्पिरिट’ दिसलं की गोल करत सुटले.

पहिले गोल २६ जुलै २००५च्या पावसाचे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! या बातम्यांतलं स्पिरिट अगदी खरंखुरं आहे. पाण्यात दोरी धरून उभी राहिलेली पोरं, रस्त्यावर चहा-बिस्किटं वाटणाऱ्या बायका, अनोळखी माणसांना रात्रभर घरात घेणारी कुटुंबं. कुणी काय केलं, ते वाक्यात स्पष्ट दिसतं.

मग ११ जुलै २००६. संध्याकाळच्या गर्दीत, ११ मिनिटांत वेस्टर्नच्या लोकलमध्ये सात स्फोट. १८०हून अधिक माणसं गेली. सुरुवातीच्या बातम्यांत रुळांशेजारच्या वस्तीतली माणसं जखमींना चादरींतून उचलून नेताना दिसतात. पण एक-दोन दिवसांत शब्दाने हळूच गाडी बदलली. आता स्पिरिट म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी लोक ऑफिसला गेले! मदत राहिली बाजूला, मस्टरवर सही करणं हेच शौर्य झालं. सोबतीला ठरलेलं ‘जनजीवन पूर्वपदावर’ होतंच. आणि वाक्याचा कर्ता कोण? स्पिरिट! तेच धावतं, तेच मात करतं, तेच उभं राहतं. माणूस नाही, सरकार नाही, रेल्वे नाही. स्पिरिटला प्रश्न कोण विचारणार?

त्या १२ जुलैला बाबांनी भाईंदरहून नेहमीची ८.१२ पकडली होती. मी तेव्हा तिसरीत. आई बराच वेळ दारात उभी होती, एवढंच आठवतं. फाइल समोर ठेवून मी विचारलं, ‘बाबा, तुम्हाला भीती नाही वाटली?’

‘वाटली की.’

‘मग गेलात कसे? स्पिरिट?’

‘कसलं स्पिरिट गं! रजा शिल्लक नव्हती. खाडा झाला असता तर पगार कापला असता. दादरपर्यंत डोळे मिटून उभा होतो.’

मी पेन्सिल खाली ठेवली.

२००८ साली निशिकांत कामतचा ‘मुंबई मेरी जान’ आला. त्यात स्फोटात होणारा नवरा गमावलेल्या टीव्ही पत्रकाराचीच तिचं चॅनेल स्टोरी करून टाकतं. त्याच वर्षी २६/११ झाला, १६६ जणांचा बळी गेला. ३ डिसेंबरला गेट वेवर हजारोंची गर्दी जमली ती संतापाने. त्यानंतरच्या कात्रणांत स्पिरिटला अवतरणचिन्हं लागलेली दिसतात, आणि टोमणासुद्धा.

आता माझा कबुलीजबाब. २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मी बीएमएमला, एका पेपरात इंटर्न. दुसऱ्या दिवशी दसरा. डेडलाइन डोक्यावर, शेवटचा परिच्छेद सुचेना. मी काय लिहिलं असेल? ‘मात्र मुंबईचं स्पिरिट कायम आहे.’ पूल इतका अरुंद का होता, हे लिहायला जागाच उरली नाही. कॉपी छापून आली. बाबांनी वाचली आणि काही न बोलता पेपर घडी करून ठेवला. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

या शब्दाने बातमी पटकन संपते, हाच प्रॉब्लेम आहे. पेपरांतलं जनजीवन एका दिवसात पूर्वपदावर आलं. २००६चा खटला मात्र १९ वर्षं चालला. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरवलं आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांची माणसं गेली, त्यांचं पूर्वपद कुठलं? शेवटी स्पिरिट ते स्पिरिटच. गार वाटतं, झोंबतं आणि उडून जातं. जखम आहे तिथेच!

सो, आता मी एक नियम केलाय. कॉपीत हा शब्द आला की खोडायचा आणि कर्ता लिहायचा. दोरी कुणी धरली, रजा कुणाला नव्हती, उत्तर कुणी द्यायचं होतं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग बातमी लांबेल गं.’

लांबू दे ना!