हलका म्युझिक प्लेयर कसा ओळखायचा? फूबार२००० पाच कसोट्यांवर

मोबाईलमध्ये गाण्यांची ॲप्स आहेत, नेट आहे, मग कॉम्प्युटरवर वेगळा म्युझिक प्लेयर कशाला हवा? हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. उत्तर तुमच्याच हार्ड डिस्कमध्ये आहे. आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं, विकत घेतलेल्या सीड्या, कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत. यातलं बरंचसं कुठल्याच स्ट्रीमिंग ॲपवर मिळणार नाही. आणि घरातला लॅपटॉप बहुतेक वेळा ४ जीबी रॅमचा असतो. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की त्याचा पंखा आवाज करायला लागतो.

म्हणून प्लेयर हलका हवा आणि फुकट हवा. पण 'हलका' असं प्रत्येकच प्लेयर स्वतःला म्हणवतो. ते आपण स्वतः कसं तपासायचं, ते आज बघू. उदाहरण म्हणून घेऊ फूबार२०००. पीटर पावलोव्स्की या डेव्हलपरने २००२ मध्ये तो आणला. त्याआधी त्याने विनॅम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टसाठी काम केलं होतं. प्लेयर फुकट आहे, जाहिराती नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ६४-बिट आणि डार्क मोडही मिळतो.

कसोटी १: मशीनवर भार किती?

गाणं सुरू करा, प्लेयर मिनिमाइज करा आणि कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी आणि सीपीयूचे आकडे बघा. मग तेच गाणं ब्राउझरमध्ये लावून तुलना करा. माझ्याकडे फूबारचा मेमरीचा आकडा साधारण दोन अंकी एमबीतच राहतो. ब्राउझरचा सहज काही शे एमबीपर्यंत जातो.

असं का होतं? एमपीथ्री उलगडून वाजवणं हे आजच्या प्रोसेसरसाठी अगदी किरकोळ काम आहे. वजन वाढतं ते बाकीच्या गोष्टींनी. काही ॲप्सच्या पोटात अख्खं ब्राउझर इंजिन असतं, काहींमध्ये जाहिराती असतात, तर काही अपडेट तपासायला मागे सतत चालू राहतात. म्हणून प्लेयर बंद केल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये त्याचं काही उरलंय का, हे नक्की बघा. स्टार्टअपच्या यादीत तो गुपचूप जाऊन बसलाय का, तेही बघा.

फूबार इन्स्टॉल करताना 'पोर्टेबल' हा पर्याय मिळतो. त्यात सगळ्या सेटिंग्ज एकाच फोल्डरमध्ये राहतात. फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला की दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तुमचा प्लेयर तयार.

कसोटी २: दोन ट्रॅकच्या मध्ये खाच पडते का?

शास्त्रीय मैफलीच्या सीडीत एकच सलग गायन दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेलं असतं. अशी सीडी एमपीथ्रीमध्ये बदलली की प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी अगदी थोडी शांतता आपोआप जोडली जाते. हा एमपीथ्रीच्या रचनेचाच भाग आहे. लेमसारखे चांगले एन्कोडर ही शांतता किती आहे याची नोंद फाइलमध्ये करून ठेवतात. प्लेयरने ती नोंद वाचून तेवढा भाग कापायचा असतो. याला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. फूबार हे नीट करतो. तपासायला सलग मैफलीचे दोन ट्रॅक लावा आणि सांध्यावर कान ठेवा.

कसोटी ३: आवाज सारखा कमी-जास्त करावा लागतो का?

जुनं भावगीत हळू, लगेच पुढचं नवीन गाणं कानात ओरडणारं. यावर उपाय आहे रिप्लेगेन. प्लेयर प्रत्येक गाणं सरासरी किती मोठ्याने ऐकू येतं ते मोजतो आणि 'वाजवताना एवढं कमी कर' किंवा 'एवढं वाढव' असा आकडा फाइलच्या टॅगमध्ये लिहितो. मूळ आवाजाला धक्का लागत नाही.

फूबारमध्ये गाणी निवडा, राइट क्लिक करा आणि रिप्लेगेन स्कॅन करा. मोजणी झाली की तो आकडे दाखवतो आणि तुम्ही होकार दिल्यावरच ते फाइलमध्ये लिहितो. मिश्र प्लेलिस्टसाठी ट्रॅक मोड वापरा. पूर्ण अल्बम ऐकताना अल्बम मोड ठेवा, म्हणजे त्यातलं हळुवार गाणं हळुवारच राहील.

कसोटी ४: मराठी नीट दिसतं आणि सापडतं का?

एका गाण्याच्या टॅगमध्ये नाव देवनागरीत लिहा, प्लेयर बंद करून पुन्हा उघडा आणि तेच नाव सर्चमध्ये टाका. फूबार युनिकोडवर चालतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि काना-मात्रा टिकतात. जुन्या एमपीथ्रीमधले पहिल्या पिढीचे टॅग नावासाठी फक्त ३० बाइट देतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. म्हणून नावं अर्धवट कापलेली दिसली तर दोष प्लेयरचाच असेल असं नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नाव नव्याने लिहा. अनेक फाइल्स एकत्र निवडून गायकाचं नाव एकदाच भरता येतं.

कसोटी ५: फाइल्सना न विचारता हात लावतो का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची कसोटी. आजीचं रेकॉर्डिंग एकदा गेलं की ते पुन्हा डाउनलोड करता येणार नाही. त्यामुळे नवा प्लेयर आधी एका कॉपी केलेल्या फोल्डरवर वापरून बघा. तो फाइल्सची जागा बदलतो का, नावं बदलतो का, टॅग स्वतःहून 'सुधारतो' का? फूबारला लायब्ररीसाठी फोल्डर दाखवला की तो वाचतो आणि लक्ष ठेवतो, फाइल्स हलवत नाही. प्लेलिस्टमध्ये डिलीट दाबलं तर गाणं फक्त यादीतून जातं. फाइल उडवायची असेल तर त्याचा वेगळा मेनू आहे.

मग यात आवाजही भारी येतो का?

नाही! इंटरनेटवर असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, पण खुद्द फूबारवाले असा दावा करत नाहीत. इक्वलायझर वगैरे बंद असेल तर चांगले प्लेयर साधारण सारखेच वाजतात. फरक पडतो तो फाइलमुळे आणि हेडफोनमुळे. ५ मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएसला साधारण ५ एमबी होतं आणि ३२० ला १२ एमबी. सीडीवर तेच सुमारे ५३ एमबी असतं. फ्लॅक फॉरमॅट सीडीमधलं काहीही न गमावता आकार कमी करतो. पण १२८ च्या एमपीथ्रीला फ्लॅकमध्ये बदललं तर फक्त फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही.

कुठे कमी पडतो?

पहिल्यांदा उघडल्यावर फूबार एखाद्या ऑफिसच्या एक्सेल शीटसारखा दिसतो. लेआउट बदलता येतो, कंपोनंट जोडता येतात, पण त्यासाठी एक संध्याकाळ द्यावी लागते. एमपीथ्री बनवायला एन्कोडर पॅक वेगळा घ्यावा लागतो. आणि फुकट असला तरी तो ओपन सोर्स नाही. तुम्हाला ओपन सोर्सच हवं असेल, तर लिनक्सवर ऑडेशस बघा. तो हलका आहे आणि विनॅम्पच्या जुन्या स्किन्सही लावतो. व्हिडिओही एकाच ठिकाणी बघायचे असतील तर व्हीएलसी पुरेसा आहे.

माझा सल्ला: स्वतःच्या फाइल्सचा साठा आहे आणि लॅपटॉप जुना आहे, तर फूबार नक्की घ्या. सगळी गाणी स्ट्रीमिंगवरच ऐकत असाल तर याची गरज नाही. डाउनलोड मात्र फूबार२००० डॉट ऑर्ग या अधिकृत साइटवरूनच करा. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या 'फ्री डाउनलोड' साइट्सवरून घेतलेल्या इन्स्टॉलरबरोबर नको ती सॉफ्टवेअर्सही आत शिरू शकतात. आणि इन्स्टॉल करायच्या आधी घरच्या रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. प्लेयर कुठलाही निवडा, ही पायरी सोडू नका.