हरवलेला पहिला भाग शोधायचा कुठे?

टीव्हीवर खेळाचा नवा कार्यक्रम आणायचा असला की निर्माते आधी त्याचा एक नमुना भाग चित्रित करतात. धंद्यात त्याला पायलट म्हणतात. नियम लोकांना कळतात का, सूत्रसंचालक शोभतो का, रंगत नेमकी कुठे येते आणि कुठे ओसरते, हे त्यातून तपासायचे असते. तो बहुधा प्रसारित होत नाही, आणि म्हणूनच तो जपावा असे कोणाला वाटत नाही. ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला, तेव्हा गावोगाव त्याच्या संगीतानेच निम्मी धडधड वाढत असे. पण ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून तो घेतला, त्याच्या पायलटमध्ये हे संगीत नव्हतेच. कार्यक्रमाचे आधी योजलेले नावही ‘कॅश माउंटन’ होते. निर्माते पॉल स्मिथ यांना पायलटचे संगीत पटले नाही. मग कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन यांनी नवे संगीत दिले आणि ४ सप्टेंबर १९९८ रोजी कार्यक्रम पडद्यावर आला. अमेरिकेतल्या ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’चा १९७३ चा पायलट ‘शॉपर्स बझार’ या नावाने झाला होता आणि त्यातले चाक चक्क उभे होते. आज आपल्याला अटळ वाटणाऱ्या गोष्टी एकेकाळी ठरायच्या होत्या, हे पायलट दाखवतो. यशस्वी झालेल्या शंभराव्या भागातून ते कळत नाही. असा एखादा भाग वर्षानुवर्षांनी सापडला की अभ्यासकांना आनंद होतो, तो यासाठी.

तो हरवतो कसा, याचे उत्तर साधे आहे: पैसा. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये दोन इंच रुंदीच्या चित्रफितीचे यंत्र बाजारात आणले. टेप महाग होती, पण तिच्यावरचे जुने पुसून नवे घेता येत असे. हिशेब पाहणाऱ्यांच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण होता. बीबीसीने पुसले, अमेरिकेतल्या एनबीसीने पुसले. दुपारचे प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम तर सर्वांत आधी पुसले जात, कारण ते पुन्हा कोण पाहणार? ‘जेपर्डी’च्या १९६४ ते १९७५ या पहिल्या पर्वात अडीच हजारांहून जास्त भाग झाले, त्यांतले मोजकेच आज उरले आहेत. आपल्याकडेही तेच झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा टेप परदेशातून येत होती आणि परकीय चलनाची चणचण होती. कार्यक्रम प्रसारित झाला की त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’सारखी घराघरांत पोचलेली मालिकासुद्धा आज सगळीच्या सगळी पाहायला मिळत नाही. त्या काळच्या अधिकाऱ्यांना यासाठी दोष देणे मला योग्य वाटत नाही. हातात पाच टेपा आणि महिन्याला वीस कार्यक्रम अशी गत असली, तर कोणीही तेच केले असते.

खरा प्रश्न पुढचा आहे. जे हरवले ते सापडते तेव्हा कुठे सापडते? अमेरिकी फुटबॉलचा पहिला ‘सुपर बोल’ सामना १५ जानेवारी १९६७ रोजी दोन मोठ्या वाहिन्यांनी एकाच वेळी दाखवला, आणि दोन्हींपैकी एकीकडेही त्याची पूर्ण चित्रफीत राहिली नाही. पुढे सामन्याच्या बऱ्याचशा भागाची फीत मिळाली, ती पेनसिल्व्हेनियातल्या एका घराच्या माळ्यावर. कोणीतरी ती त्या दिवशी मुद्रित करून ठेवली होती. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नऊ हरवलेले भाग २०१३ मध्ये जगापुढे आले, ते नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रात पडून होते. बीबीसीने परदेशी केंद्रांना विकण्यासाठी त्यांच्या १६ मिलिमीटरच्या प्रती काढल्या होत्या. लंडनमध्ये मूळ पुसले गेले, आफ्रिकेतली प्रत टिकली. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ हा मूकपट भारतात कुठेच उरला नव्हता. त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेजकडे निघाला आणि २०१६ मध्ये त्याची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांची रिळे याच संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी मिळवली, तीही नाशिकला फाळके कुटुंबीयांच्या घरून. या सगळ्यांत मला एक समान धागा दिसतो: मूळ ठिकाणी वस्तू नष्ट होते आणि तिथून बाहेर गेलेली प्रत वाचते. मूळ ठिकाणी रोज कामाचा रेटा असतो, जागा लागते, जुने काढावे लागते. कडेच्या ठिकाणी ते काढायची कोणाला घाईच नसते.

जालना जिल्ह्यातले भोकरदन या बाबतीत उत्तम साक्षीदार आहे, आणि टीव्हीच्या कितीतरी आधीपासून. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन. गावाचे ते नाव दूर मध्य प्रदेशात, सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या लेखांत कोरलेले राहिले. इथल्या मातीत त्या काळाचे काय दडले आहे हे पाहण्यासाठी १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्या उत्खननात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्येच इटलीत, पाँपेईच्या एका घरात सापडली होती. सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची ती मूर्ती इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली आणि म्हणून जवळपास अखंड राहिली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मराठवाड्यातल्याच तेरलाही तशीच एक मूर्ती मिळाली. म्हणून पाँपेईची मूर्ती याच भागात, कदाचित भोकरदनलाच घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. यावर आक्षेपही आहे: तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि ती लिपी वायव्य भारतातली. मग ती तिकडे घडली, की इथे घडून त्या वाटेने गेली? हा वाद मिटलेला नाही. माझ्या मुद्द्यासाठी तो मिटण्याची गरजही नाही. या धाटणीची मूर्ती पूर्णावस्थेत कशी दिसत असेल हे भोकरदनच्या तुकड्यावरून कळले नसते. ते कळले समुद्रापार गेलेल्या मूर्तीमुळे.

म्हणून माझे म्हणणे असे की मराठी दूरचित्रवाणीचा हरवलेला काळ शोधायचा तर मुंबईच्या गोदामांइतकाच तो भोकरदनसारख्या तालुक्यांच्या गावांत शोधायला हवा. ऐंशीच्या दशकापासून व्हीसीआर इथे पोचले. व्हिडिओ पार्लर निघाले, लग्नाचे शूटिंग करणारे आले, नंतर केबलवाले आले. त्यांच्या कपाटांत लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत काय काय घेतलेले असेल, हे अजून नीट कोणी पाहिलेलेच नाही. यावर पहिला आक्षेप दर्जाचा येईल. व्हीएचएसवरचे चित्र फिकट, त्यात अँटेना हलल्याच्या रेघा. हे खरे आहे. पण पूर्ण नाहीशा झालेल्या कार्यक्रमाची तुलना चांगल्या प्रतीशी करता येत नाही, तिथे फिकट प्रत हीच एकमेव प्रत असते. शिवाय मधल्या जाहिराती, निवेदिकेचे शब्द, ‘व्यत्यय’ची पाटी हे सगळे घरच्या मुद्रणातच राहते. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गंभीर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारकाचा हक्क पंचवीस वर्षांचा, पण चित्रित कृतीचा हक्क साठ वर्षांचा आहे. म्हणजे घरी सापडलेली मालिका कोणी उठून इंटरनेटवर टाकावी, असे मी सुचवत नाही. ती संग्रहालयाकडे द्यावी, दाखवायची की नाही ते हक्कधारकांनी ठरवावे. मात्र जतन करणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीच्या भीतीने पहिली अडवणे मला चुकीचे वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: हलक्याफुलक्या खेळांसाठी एवढा खटाटोप कशाला, गाळलेला पायलट जपून काय मिळणार? गंभीर नाटके आधी वाचवा. पण कोणत्या कार्यक्रमाला पुढे मोल येईल हे त्या वेळी ठरवता येते, या समजुतीनेच तर टेपा पुसल्या गेल्या. सामान्य माणसे कॅमेऱ्यापुढे कशी उभी राहत, कोणते प्रश्न त्यांना सोपे वाटत, बक्षीस म्हणून काय मिळे, बायका मोकळेपणाने हसत की पदर सावरत, हे नाटकांपेक्षा खेळांच्या कार्यक्रमांत जास्त दिसते. लिहिलेले संवाद पुस्तकातही राहतात. उत्तर चुकल्यावरचा चेहरा दुसरीकडे कुठे नोंदलेला नसतो.

यात घाई आहे, ती टेपच्या जातीमुळे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहकण चिकटवलेले असतात आणि ते धरून ठेवणारा थर दमट हवेत सुटू लागतो. पावसाळ्यात बंद कपाटातली कॅसेट उघडली तर कडेला पांढरी बुरशी दिसते. ती तशीच यंत्रात घातली तर चित्र तर जातेच, यंत्राचे हेडही खराब होते. आधी कोरडी करून हलक्या हाताने साफ करायची, मग एकदाच चालवायची आणि त्याच वेळी डिजिटल प्रत काढायची. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरचे जे २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही, ते बहुतांशी गेलेच म्हणून समजावे. ती मुदत उलटून गेली आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी एक, जपानची फुनाई, २०१६ मध्येच थांबली. आता चालू यंत्र मिळते ते जुने दुरुस्त केलेलेच, आणि ते दुरुस्त करणारे कारागीर तालुक्याच्या गावात अजून एखाद-दुसरे आहेत.